मावशीचं मशीन

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचं कपडे धुण्याचं मशीन चालू झालं. ती गेल्यापासून धूळ खात पडलं होतं, आता घर डोक्यावर घेतं. या नादात मी नोकरी घालवणार असं तू म्हणत होतीस. नोकरी शाबूत आहे, फक्त नखं काळी झालीत.

सुटे भाग कुठेच मिळेनात. भंगारवाले मला लांबून पाहून पाठ फिरवायला लागले होते. मग आठवलं, मावशीकडे अगदी तसंच मशीन आहे. मागच्या खोलीत, अंगावर चादर आणि वर रिकामे डबे. मी म्हटलं, मावशी, पडूनच आहे ना, नेऊ का? ती म्हणाली, ने की. टेम्पोत चढवताना तिरकं झालं आणि साबणाचं पाणी थेट माझ्या बुटांत. इतक्या वर्षांनीही वास ताजा, बघ. पंप, गिअर, कपडे पिळायचे रबरी रूळ, सगळं आईच्या मशीनला चपखल बसलं. एक नट निघेना म्हणून टब कापला आणि उरलेला सांगाडा भंगारात दिला.

शाबासकी पाठव, रागावणं भेटीसाठी राखून ठेव.

तुझा,
खटपट्या

दि. १५ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

पत्र हसत वाचत होते, त्या पाण्यापाशी थांबले. बंद पडलेल्या मशीनमध्ये साबणाचं पाणी वर्षानुवर्षं ताजं राहतं का रे? एवढं खोलून बसलास, तुझ्या डोक्यात कसं नाही आलं?

रविवारी मावशीकडे गेले. ती न्हाणीघरात चादरी धूत होती. तिची बोटं किती वाकलीत ते तुला माहीत आहे. पिळता येत नाही, म्हणून कपडे निथळतेच दोरीवर टाकते आणि खाली बादल्या लावते. तू येण्याच्या आदल्या दिवशीच तिने त्या मशीनमध्ये कपडे धुतले होते. चादर घालायची ती धूळ बसू नये म्हणून. नवं मशीन आणून देते म्हटलं, तर म्हणे त्या बटणांशी माझं जमत नाही. मी तुझ्यावर चिडले तर उलट मलाच समजावलं, त्याला आईची आठवण हवी होती, नाही कसं म्हणू. तुला कळवू नको असंही म्हणाली. मी कळवते आहे. मलाही शरम वाटली, वर्षभरात मी तिच्या मागच्या खोलीत डोकावलेही नव्हते.

रागावले तरी माया आहेच, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई

दि. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि कुठे तोंड लपवू असं झालं. मी तिला विचारलंच नव्हतं गं. ठरवून गेलो होतो, फक्त बोललो विचारल्यासारखं. तिचं मशीन तर आता परत जुळणारही नाही.

काल आईचं मशीन तिच्याकडे पोचवलं. ती ऐकेना, म्हणाली, आईची आठवण तुझ्याकडेच राहू दे. मी म्हटलं, आत सगळं तुझंच आहे. माफी मागायची म्हणून तिच्यासमोर उभा राहिलो. तिचं लक्ष माझ्या शर्टावरच्या तेलाच्या डागाकडे. काढ तो शर्ट, म्हणाली. मला काकांचा स्वेटर दिला, शर्ट मशीनमध्ये टाकला आणि मग हळूच रुळांतून काढला. मी लहान मुलासारखा मान खाली घालून बसलो होतो. ती रागाने दोन शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

डाग पुसट झाला, गेला नाही. ती म्हणाली, पुढच्या रविवारी परत आण, आणखी एकदा धुऊ. जाणार आहे.

तूही ये. एकट्याने तिच्यासमोर बसवत नाही.

तुझा,
भाऊ