जिवंत भावाची समाधी

चि. विरूपाक्ष, हैदराबादेहून अक्काचा आशीर्वाद.

अप्पा म्हणायचे, "लिंग ज्याच्या त्याच्या तळहातावर असतं, दुसऱ्याच्या हातात डोकावू नये." आणि तू, नागप्पा मुसलमान झाला म्हणून, त्याचं घरी राहिलेलं गळ्यातलं इष्टलिंग पालमच्या आपल्या शेतात पुरलंस! जंगमाला बोलावून जिवंत भावाची समाधी बांधलीस!

धर्मस्वातंत्र्यासाठी तू सत्याग्रहात तुरुंगात गेलास, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. ते काय फक्त आपल्यापुरतं मागितलंस? इथं लोकांवर धर्म बदलायची जबरदस्ती होते, मलाही दिसतं. म्हणूनच नागप्पाला खोदून खोदून विचारलं. तो स्वतःच्या मनानं त्या धर्मात गेला.

तो बरा आहे. काल येऊन हसत म्हणाला, "अक्का, माझ्या समाधीला जेवायला काय होतं? मला कुणी बोलावलंच न्हाई." मग आईचे गुडघे कसे आहेत ते दोनदा विचारलं.

तुझी पोरं बरी आहेत ना?

आईला दिसत नाही, याचा फायदा घेऊन नागप्पा पटकीच्या आजारानं वारला असं तिला सांगितलंस. याचा संताप माझ्यानं गिळवत नाही. तू ऐकणार नाहीस, ठाऊक आहे. तरी मागते: तिच्याजवळ बस आणि नागप्पा जिवंत आहे एवढं तिला सांग.

तुझी अक्का,
मल्लम्मा