उसवू नयेत असे षट्कोन

मी, लव्हॉन इंग्रिड ट्वेटन, कै. मायलो ट्वेटन यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार हॅल्व्हर फोर्ड, मिनेसोटा, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. हे वाक्य सुरुवातीलाच हवे, असे वकिलांनी मागाहून बजावले, म्हणून ते वरच्या कोऱ्या जागेत घातले. त्याच वाक्यापाशी माझा हात कितीतरी दिवस अडून बसला होता. का, ते कलम चारमध्ये येईल.

कलम एक. मायलोने आणि मी बांधलेले राहते घर माझी धाकटी बहीण अर्डिथ सोल्बर्ग हिला द्यावे. मायलो गेल्यापासून ती माझ्याजवळच राहते. (हे मी जानेवारीत लिहिले. खाली बदलले आहे, पण खोडत नाही. तेव्हा मनात काय होते ते वाचणाऱ्याला कळू दे.)

कलम दोन. शिवणयंत्र, इस्त्री आणि कात्र्या अर्डिथची मुलगी कर्स्टन हिला. कापडाच्या कात्रीने कागद कापलास तर थडग्यातून उठून येईन, हे तिला लहानपणीच सांगून ठेवले आहे. अजूनही तेच.

कलम तीन. चर्चच्या गोधडी मंडळातल्या बेव्हर्ली नॉकलबी हिला माझी बोथट झालेली गोल पात्याची सुरी. माझे काम बघून ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "ही कसली गोधडी? फुलं कापडवाल्याने छापलेली, तू नुसती चिरतेस!" पण आता बेव्हर्ली या कागदावर साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणे. म्हणून सुरी परवाच हातात दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "हिने तर लोणीसुद्धा कापलं जायचं नाही." म्हटले, माहीत आहे.

कलम चार. मागच्या खोलीतली गोधडी. कर्स्टनच्या होणाऱ्या बाळासाठी आहे, अजून तिचे तुकडे भिंतीवर ठोकलेल्या फ्लॅनेलच्या कापडावर मांडून लावलेले आहेत. एकाच छापाचे सहा थर असे रचायचे की फुलावर नेमके फूल यावे, मग त्रिकोण कापायचे. एका गठ्ठ्यातले सहाही हुबेहूब सारखे निघतात. ते एका मध्याभोवती जोडले की षट्कोनात कॅलिडोस्कोपसारखी चांदणी उमटते. त्रिकोणाचे तिन्ही कोपरे सारखेच असतात, म्हणून मध्ये येणाऱ्या कोपऱ्यात मी टाचणी खोचते. आधी तीन-तीन त्रिकोणांचे अर्धेच शिवते. भिंतीवरची मांडणी पक्की होईपर्यंत दोन अर्धे एकमेकांना जोडत नाही.

फेब्रुवारीत एका चांदणीचा एक दात भलतीकडे वळलेला दिसला. त्रिकोण फिरला होता. होते असे, म्हणून उसवला. मग आणखी तसेच दिसू लागले, आणि त्यांचे अर्धेही जोडून टाकलेले. हे मी कधी शिवले, मला काही केल्या आठवेना.

आमच्या आईचे असेच सुरू झाले होते. आधी ती बाह्या उलट्या लावू लागली. शेवटी शेवटी आरशातल्या बाईला कॉफी विचारायची आणि आम्हाला ओळखत नव्हती. आता माझी पाळी, या भीतीने माझी झोप उडाली. शेगडी बंद केली तरी चार वेळा जाऊन बघायची. वाण्याकडे रांगेत उभी असताना स्वतःचाच पत्ता पुटपुटायची. अर्डिथला बोलले नाही, ती घाबरली असती. डॉक्टरांकडे एकटीच गेले. स्मृती तपासायला त्यांनी कागदावर घड्याळाचे चित्र काढायला लावले. काढले. "तुम्ही ठीक आहात," म्हणाले. आईलाही आधी ठीकच म्हणाले होते.

मागच्या मंगळवारी बेव्हर्ली सहीचे विचारायला आली आणि सरळ मागच्या खोलीत शिरली. आता टोमणा येणार म्हणून मी मान खाली घातली. तिने एक वाकडा षट्कोन काढून पालथा केला.

"लव्हॉन, हे तू शिवलेलं नाही."

"मग काय भुताने शिवलं?"

"अगं, तू शिवण दोन्हीकडे उघडून इस्त्री मारतेस. त्यावरून किती भांडलोय आपण! ही बघ, एकाच बाजूला दाबलीय."

मी पाहिले आणि हसत सुटले. म्हणजे मी शहाणी आहे! मग ती शिवण पुन्हा निरखून पाहिली. शिवण एका बाजूला आई दाबायची. तिचे बघून अर्डिथ.

आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो. अर्डिथ बटाटे सोलत होती.

"अर्डी, माझे षट्कोन तू शिवतेस का गं?"

"मग? तू बाहेर गेलीस की बसते. एकटीने किती करशील?"

"सांगायचंस तरी."

"आईच म्हणाली, लव्हॉनला सांगू नकोस, तिचं डोकं फिरतं. बाळ यायच्या आत उरकून टाक." आईला जाऊन वीस वर्षे झाली. मग अर्डिथ बेव्हर्लीच्या पलीकडे, रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "तिला कॉफी विचारलीस का?"

बेव्हर्लीने कोट काढला आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिली. हे मी विसरणार नाही.

म्हणून कलम एक रद्द. घर कर्स्टनला, पण अर्डिथ जिवंत असेपर्यंत तिची खोली तिचीच. कर्स्टन, जमेल तोवर तिला परक्या जागी ठेवू नकोस. धारदार सुऱ्या कुलपात ठेव, यंत्र मात्र तिच्यापुढून उचलू नकोस. तिने शिवलेले षट्कोन मी गोधडीच्या मधोमध लावले आहेत. ते कोणीही उसवू नयेत.

मरणाला मी भिते. पण आता तिच्या आधी मरायला जास्त भिते. एका खोलीत ती एकटी, आणि आई तिच्याशी बोलतेय, हे डोळ्यांपुढून हलत नाही.

हे लिहीत असताना अर्डिथ शेजारीच बसली आहे. मघाशी तिने विचारले, "एवढं काय लिहितेस? कुठे चाललीस का?" मी म्हटले, "कुठेही नाही गं." या कागदातले हे एकच वाक्य खोटे आहे. ते तसेच राहू द्यावे.

सही: लव्हॉन इंग्रिड ट्वेटन
साक्षीदार: १) बेव्हर्ली नॉकलबी २) हॅरल्ड ब्रेक्के, शेजारी
स्थळ: हॅल्व्हर फोर्ड, मिनेसोटा
दिनांक: २८ मार्च २०१३