पाळकांचा डावा कल्ला

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (हात तेच, जोडायची रीतही तीच. बिचकू नकोस.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? इकडे मी ठणठणीत. तुझी भावजयही ठणठणीत, फक्त नवरा भांडत का नाही म्हणून चिंतेत असते.

मी ख्रिस्ती झालो हे कळल्यावर तू फोनवर एवढंच म्हणालीस, "आता तुला हाक काय मारू?" आणि फोन ठेवलास. तेव्हापासून तू फिरकली नाहीस आणि भावोजी केस कापायला आले नाहीत. म्हणून झालं ते सगळं लिहितो, पुढचं तू ठरव.

आमचं सलून कसं होतं ते तू जाणतेसच. कोणाची सून रुसली, कोणाचा जावई बसून खातो, हे दाढीच्या साबणाबरोबर फुकट मिळायचं. पण ज्या देवाने मला या जिभेसकट आपलं म्हटलं, त्याच्या माणसाने हे धंदे करू नयेत असं मनापासून वाटलं, आणि मी गप्प झालो. पहिल्याच सकाळी शेजारचे किराणावाले खुर्चीत बसले. अर्धी दाढी झाली तरी मी कोणाचं काही काढेना, तशी आज आपलाच विषय असणार या खात्रीने त्यांना घाम फुटला. मी मोठ्या मायेने म्हटलं, घाबरू नका, मी आता पूर्वीचा राहिलो नाही. ते अर्ध्या दाढीनिशी पळाले. (हातात वस्तरा असताना हे वाक्य बोलू नये.) आता गिऱ्हाइकं येतात, पण माझ्याच खुर्चीत बसून माझ्याचबद्दल बोलतात.

बाप्तिस्म्यातही अशीच फजिती. प्रार्थनाघरामागे छातीइतक्या पाण्याची टाकी, पाणी असं गार की पापांच्या आधी पाय गेले. आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, तरुण आणि फार सज्जन. फक्त केस बायकोकडून कापून घेतात. त्यांनी विचारलं, जुनं सोडून नवा माणूस व्हायला तयार आहात? मी भरल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि जन्माची सवय आडवी आली. म्हणालो, "हो. पण तुमचा डावा कल्ला खाली आलाय."

सगळी मंडळी हसली. पाळकांनी हसू आवरत मला पाण्यात घातलं. पण ताई, वर आलो तेव्हा मानेवरचे केस झटकून, चादर काढून कोणी म्हणावं, उठा, झालं, तसं हलकं वाटलं. आयुष्यभर मी लोकांना आरशात नवं तोंड दाखवलं. त्या दिवशी खुर्चीत मी होतो.

तुझा,
धाकटा

ता. क. भावोजींना पाठव. त्यांच्या मानेवर भोवरा आहे, तो परक्याला सापडायचा नाही.

आणखी एक ता. क. मुख्य सांगायचं राहिलंच. बुडवण्याआधी पाळकांनी हळूच विचारलं, नाव काय घेऊ? दात वाजत होते, कल्ल्याची लाज वाटत होती, तू लहानपणापासून मारतेस तीच हाक तोंडातून निघून गेली. त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं, "ठोंब्या, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." म्हणजे नवा जन्म झाला तोही ठोंब्याचाच. मंडळीतली पोरं मला ठोंब्या आजोबा म्हणतात. बरं वाटतं, पण त्यांना ते तुझ्यासारखं दारातून ओरडता येत नाही. येऊन एकदा ओरडून जा.