कलमं माझ्याच नावावर

९ फेब्रुवारी
पुन्हा वसुलीवाला. आज फोन मला नाही, डोंबिवलीला, चुलतभावाला. लोन घेताना ओळखीचे दोन नंबर मागितले होते, तेव्हा बाळादादाचा मीच दिला होता. दादा चिडला नाही, घाबरला. "अरू, आपल्या घराण्यात असं कधी झालं नाय रे. शिमग्याला येतोय, तेव्हा बघू."
मीना म्हणते, कर्ज आईच्या दुखण्याचं, चोरीचं नाही, मान खाली का घालता? खरं आहे. पण कंपनी बंद पडून पगार थांबल्यावरही कार्ड घासत राहिलो, ते? तेही औषधांनाच. तरी टोचतं.

१३ फेब्रुवारी
कोर्टासमोर वकीलबाईंकडे.
तुरुंग? नाही. नुसतं कर्ज थकलं म्हणून नाही. दिलेला चेक परत गेला तर प्रकरण वेगळं. चेक दिलाय का? नाही दिला. सुटलो.
मीनाला धरतील? तिची सही कुठेच नसेल तर नाही.
भांडी, अंथरुणं, मंगळसूत्र? हात लावता येत नाही.
नातेवाइकांना फोन? चालत नाही, लेखी तक्रार करा.
मग म्हणाल्या, फेडायची वाट दिसत नसेल तर नादारीचा अर्ज करता येतो. आहे ते सगळं कोर्टापुढे ठेवायचं. ते विकून ज्यांचं त्यांना वाटतात. सरळ वागलात तर उरलेल्यातून मोकळीक मिळू शकते.
"सगळं म्हणजे?"
"सगळं. कलमंसुद्धा."
आबांनी लावलेली हापूसची नऊ कलमं. त्यांच्यामागे आता सातबारावर मुलाचं, माझं नाव. साळवी स्टॉपला रिक्षा सोडली, पुढे चालतच आलो.

१८ फेब्रुवारी
नादार. दिवसभर शब्द तोंडात घोळतोय. देणं पुरतं न फेडता मोकळं व्हायचं, ही लबाडी तर नव्हे? पण बुडण्याची शक्यता धरूनच बँक एवढं व्याज लावते, हे बी.कॉम.ला मलाच शिकवलं होतं. मूळ रक्कम केव्हाच भरून झालीय. आता मागतायत तो दंड, आणि दंडावरचं व्याज.
तरी एवढ्याने मन धुऊन निघत नाही. न निघो. अर्ज करणार.

१ मार्च
दादा आला. हातपाय धुतले नाहीत तोच, "अर्ज कर, खुशाल कर. पण त्याच्या आधी कलमांचं माझ्या नावावर बक्षीसपत्र करून टाक. सगळं निवळलं की परत देतो. घरातलं घरात."
मन साफ आहे त्याचं. म्हणूनच नाही म्हणणं जड गेलं.
वकीलबाईंना फोन केला. त्या हसल्याच. "प्रत्येक घरात असा एक दादा असतो. कोर्ट ते बक्षीसपत्र रद्द करील, आणि तुमची मोकळीकही जाईल."
दादाला सांगितलं. "वकील पुस्तकातलंच बोलणार. कलमं आबांनी लावली का कोर्टानं?"
"आबांनी लावली, म्हणूनच त्या कलमांच्या कागदावर खोटं लिहिणार नाही."
बोललो आणि छाती फुगली. मग लाज वाटली. पकडलं जाण्याची भीती नसती, तर केली असती सही? माहीत नाही. हे न पुसता ठेवतोय.

५ मार्च
उद्या ग्रामदेवाची पालखी आमच्या अंगणात. वसुलीवाल्याला बरोबर सुगावा लागला. फोनवर म्हणाला, "सगळे जमतात ना? तेव्हाच येतो. गावासमोर बोलू."
गावासमोर. एवढंच एक हत्यार आहे त्याच्याकडे. ते मीच आधी काढून घेतलं तर?

६ मार्च
पालखी टेकली. नारळ ठेवला. गुरवकाका देवापुढे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. "काय सांगायचा हाय?"
माणसं हे काकांच्या कानात सांगतात. मी मोठ्याने सांगितलं. दादाने दंड धरला, "अरू, गप." मागून मीना, "बोला हो तुम्ही."
काका पालखीकडे वळले. मग खणखणीत आवाजात, "बा महाराजा, तुझ्या ह्या लेकरान आयशीच्या दुखण्यापायी कर्ज काढलान, ता त्येला फिटत नाय. कोर्टात जातोय. काय लपवीत नाय. त्येला खरा बोलायची ताकद दे!"
सगळी वाडी, "व्हय महाराजा!"
माफी मागितली नव्हती. काकांनीही पदरची जोडली नाही.
अंगणाच्या दगडी गडग्यापाशी बाइकवर एक पोरगेलासा माणूस होता, ओठ आवळून. मीना ताट घेऊन त्याच्याकडे गेली. "मी ते कर्जाचं..." म्हणाला. मीना म्हणाली, "ऐकलंत ना आत्ता? मग प्रसाद घ्या." त्याने खोबरं घेतलं, कपाळाला लावलं, गेला. त्यालाही पोट असेल. पण आज त्याची कीव करणार नाही.

७ मार्च
दादा न सांगता पहाटेच्या गाडीने गेला. घराण्याचं नाव मी अंगणात मांडलं म्हणतो, असं वहिनीकडून मीनाला कळलं. दादाला आधी विचारायला हवं होतं का? विचारलं असतं तर बोलू दिलं असतं?

२७ मार्च
अर्ज दाखल. मालमत्तेत नऊही कलमं. यंदाचं पीकही लिहिलं. वकीलबाई चष्म्यावरून बघत राहिल्या, "हे कोणी आपणहून लिहीत नाही."
"लिहायला हवं ना?"
"हवं."
मग झालं. बँक विरोध करणार आहे. कलमं राहतील की जातील, वकीलबाईंनाही सांगता येत नाही.

१६ एप्रिल
पुढच्या आठवड्यात तारीख. दादाचा फोन, शिमग्यानंतरचा पहिला.
"तारखेला येतोय."
"कशाला, दादा?"
"शिव्या द्यायला. तुला का बँकेला, ते तिथं ठरवीन." ठेवला.
दुपारी बागेत. वरचा आंबा तयार. मीना खालून, "जायचीच असली कलमं, तर हलवून पाडा की. कोणासाठी एवढं जपताय?" चिडवत होती. का खरंच विचारत होती, कळलं नाही.
हलवलं नाही. एकेक फळ देठासकट, जाळीच्या झेल्यानेच उतरवतोय. कोणाच्याही पेटीत जाऊ दे, माझ्या हातून डागी जाणार नाही.