ताप उतरला किंवा कसे

बाबा,

तुम्ही मला जे पत्र कधीच वाचून दाखवलं नाहीत, ते आज मी स्वतः वाचलं. मोडी येते आता मला, दर शनिवारी लॅपटॉपसमोर बसून शिकले. वेळ मात्र वाईट निवडली. माझ्या छातीत गाठ सापडल्याला तीन आठवडे झाले, तुकडा तपासायला गेलाय, रिपोर्ट उद्या मिळेल. हात रिकामे राहिले की बोटं आपोआप तिकडेच जातात, म्हणून सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या या फ्लॅटमध्ये तुमचं पत्रांचं गाठोडं उघडून बसले.

तुमच्या पणजोबांची पत्रं. पलटणीचे सर्जन, बोटीनं चीनला निघालेले, वाटेत सिंगापूर. मी दहा वर्षांची असेन. आई भाकऱ्या थापतेय आणि तुम्ही तिथेच पाटावर बसून मोठ्यानं वाचताय. बोटीवर पसरलेली पटकी, बंदरातली नाना जातीची माणसं, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच विचारणा: 'धाकटीचा ताप उतरला किंवा कसे, ते लिहिणे.' मी विचारलं, "उतरला का हो?" तुम्ही गाठोडं बांधलंत. "सारखं पुढचं काय विचारतेस? जा, अभ्यासाला बस." इतकं तोडून तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

ताप उतरला नव्हता, बाबा. बोट सिंगापूरला लागण्याआधीच ती धाकटी लेक गेली होती. घरच्यांनी ठरवलं, कळवायचं नाही. परमुलखात शस्त्रक्रिया करणारा माणूस, हात थरथरेल त्याचा. त्यांना कळलं ते मुंबईला उतरल्यावर. तिथूनच थोरल्या भावाला लिहिलंय: 'कळविले असते तर रडलो असतो, इतकेच. आता सिंगापुरी घेतलेली बाहुली कोणास देऊ?'

हे ठाऊक असून तुम्हीही तेच केलंत. इथल्या जुरोंग आयलंडवरच्या प्लांटला जाणाऱ्या कंपनीच्या बसमधून मी रोज फोन करायचे आणि तुम्ही म्हणायचात, "साधा खोकला आहे गं, तू तुझं काम बघ." मागे आई काही बोलायला लागली की तुम्ही फोनवर हात ठेवायचात. अगदी शेवटी मी घरी पोचले तेव्हा तुम्ही मला ओळखलं नाहीत. त्याचा राग अजून आहे माझ्या मनात.

आणि मी काय करतेय? लेक मेलबर्नला शिकतेय, तिची परीक्षा चालू आहे. परवा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, यू साउंड टायर्ड लाह." मी म्हणाले, "प्लांटमध्ये काम वाढलंय गं, तू तुझा अभ्यास बघ." तोंड माझं, बोलणं तुमचं.

आज दुपारी फोन लावला आणि सांगून टाकलं. मग तिचं रडणं ऐकू आलं. मलाही आवरलं नाही. "मी येतेय," ती म्हणाली.

"अगं, परवा पेपर आहे तुझा."

"आय डोन्ट केअर. तू एकटी जाणार नाहीस." मग तिनं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तीन दिवस झाले," मी म्हणाले.

तिनं विश्वास ठेवला. सगळं खरं सांगायचं म्हणून फोन केला होता, बाबा, आणि आठवडे म्हणायचं धाडस झालं नाही.