बागेत नसलेली विहीर

मंगळवार, संध्याकाळ

संत्री तोडणाऱ्या माणसाची हालचाल संगणकात उतरवायची, म्हणून काटोलच्या मंदामावशींना आज लॅबमध्ये बोलावलं. अंगाला सेन्सर लावले, डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट चढवला. आतली बाग मीच बनवलेली, झाड न् झाड माझ्या हातचं. तरी त्या दर वेळी एका मोकळ्या जागेला वळसा घालून जायच्या. शेवटी वैतागून विचारलंच.

"मावशी, सरळ काहून नाही येत?"

"विहीर हाय न वं तिथं. तुले दिसून नाही राहिली?"

विहीर मी बनवलेलीच नाही! आत्ता घरी फाईल उघडून पुन्हा पाहिलं. नाहीच. मग एवढी धास्ती कशाची?

निघताना दिवा बंद करायला रिकाम्या लॅबमधून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले होते. सरळ नाही. वळसा घालून.