टाकीतला मासा जिवंत असेतोवर

मी भवानीबाई, कै. अनंतकृष्ण राव यांची बायको, वय एकोणऐंशी, राहणार पश्चिम माम्बलम, चेन्नई, दोन इडल्या खाऊन पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र सांगते. शाळा तिसरीपर्यंत, म्हणून वरच्या मजल्यावरची सुनेत्रा लिहून घेते आहे, शब्द माझे. थोरला गिरिधर म्हणणार, म्हातारीला भ्रम झाला होता. डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे.

१. दगडी ग्राइंडर सून रंजनीला. पिशवीतलं तयार पीठच बरं, असं ती वीस वर्षं ऐकवते आहे. तिने तो नुसता पुसावा.

२. बांगड्या चार. दोन लेक लावण्याला, उरलेल्या दोन लावण्याला. धाकट्या संजीवने दर दिवाळीला त्यांची चौकशी केली, ती आता थांबवावी.

३. माशांची टाकी लावण्याला. हे मासे आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवराकडचे, बोटाच्या दोन पेरांएवढे, गोगलगायीच्या रिकाम्या शंखांत राहतात. ब्राह्मणाच्या घरात मासे कशाला, असं गिरिधरने विचारलं. रविवारी तो कोवलमच्या समुद्रकिनाऱ्यावर कशाला जातो ते मी विचारलं नाही, शर्टाला येणारा तळल्या माशांचा वास सांगतो. या माशांत एकेका मादीचा शंख वेगळा, दुसरं कुणी शिरलं की अंगावर धावते. मला आतून कडी लावायला खोली मिळाली ती नवरा गेल्यावर.

४. फ्लॅट. तो माझ्या नावावर केला, एवढं एक काम नवऱ्याने नीट केलं. तिन्ही मुलांना सारखा वाटा. सगळा लावण्याला दिला असता, पण भाऊ गोड बोलले की ती दाखवतील तिथे सही करते. माझं दुखणंखुपणं तिनेच काढलं. तिच्यासमोर गिरिधर म्हणाला, "आई, विकून टाकू. लावण्या राहील की लेडीज हॉस्टेलात." ती बावन्न वर्षांची आहे.

म्हणून अट: या टाकीत या जातीचा एक जरी मासा जिवंत आहे तोवर फ्लॅट विकायचा नाही, आणि त्यांचं खाणंपाणी बघायला लावण्या इथेच राहील.

अट मी गिरिधरला तोंडी सांगितली. त्याने मासेवाल्या अरुणला फोन लावला, हे किती जगतात. पाच-सहा वर्षं, अरुण म्हणाला. गिरिधर हसला, मला नमस्कारसुद्धा केला. शंखांत आत काय चालतं, ते त्याने विचारलं नाही. मी सहा आणले होते. काल मोजले, एकेचाळीसला चष्मा थकला.

५. रडायला येणाऱ्यांनी टाकीवर टेकू नये.

अंगठा नको, मला सही येते.

भवानीबाई
चेन्नई, १४ जुलै २०२५

साक्षीदार:
सुनेत्रा, वरचा मजला
अरुण, मासेवाला (जास्तीची पिल्लं हाच नेतो)